भार कुणी उचलायचा : बोलणाऱ्याने की ऐकणाऱ्याने?

एका टॉवरच्या टप्प्यात हजारो उपकरणं असतात आणि हवा सगळ्यांना मिळून एकच. दोन उपकरणं एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलली, की अँटेनापर्यंत पोहोचते ती दोघांची बेरीज. त्या बेरजेतून प्रत्येकाचं म्हणणं वेगळं कसं काढायचं, यावर अभियंत्यांमध्ये गेली कित्येक दशकं दोन पक्ष आहेत. बोलणाऱ्यांना शिस्त लावा, म्हणजे गुंता होणारच नाही, असं एक पक्ष म्हणतो. दुसरा म्हणतो, बोलणाऱ्यांना मोकळं सोडा आणि ऐकणाऱ्याला हुशार करा.

पुढच्या संवादातले काका आणि त्यांची पुतणी मी रचले आहेत. काकांनी सीडीएमए मोबाइलची नेटवर्कं उभी केली. पुतणी पुढच्या पिढीच्या रिसीव्हरवर संशोधन करते. त्यांची मतं मात्र रचलेली नाहीत, ती या क्षेत्रात आजही समोरासमोर उभी आहेत. माझा कल पुतणीकडे आहे. पण काकांच्या काही मुद्द्यांना तिच्या बाजूकडे अजून पूर्ण उत्तर नाही, आणि ते मुद्दे टाळून हा विषय मांडणं मला पटत नाही.

काका : २००२ च्या डिसेंबरात रिलायन्सच्या सीडीएमए सेवेचं उद्घाटन झालं, तेव्हा तू शाळेतही जात नव्हतीस. त्या पद्धतीत सगळे हँडसेट सव्वा मेगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात, एकाच वेळी बोलायचे. प्रत्येकाला वेगळा कोड. आवाजाचे सेकंदाला ९,६०० बिट, आणि कोडाच्या चिप, म्हणजे कोडाचे बारीक तुकडे, सेकंदाला १२,२८,८००. म्हणजे प्रत्येक बिट १२८ चिपांवर पसरलेला. टॉवर काय करायचा? आलेली लहर त्या-त्या हँडसेटच्या कोडाशी जुळवून पाहायचा. कोड जुळला की सिग्नल वर यायचा, बाकीच्यांचा गोंगाट साधारण १२८ पटींनी दबायचा. याला मॅच्ड फिल्टर म्हणतात. सोपा, स्वस्त, आणि लाखो लोक त्यावर बोलले.

पुतणी : सगळ्यांचा आवाज टॉवरपाशी सारख्याच जोराने पोहोचला तर हे चालतं, काका. एक माणूस टॉवरपासून २०० मीटरवर आहे, दुसरा २ किलोमीटरवर. शहरी वस्तीत सिग्नलची ताकद अंतराच्या चौथ्या घाताने घटते असं धरू. दहापट अंतर, म्हणजे दहा हजारपट फरक. १२८ पट दाबून जवळचा माणूस गप्प होत नाही. दूरच्याचा कोड कितीही बरोबर जुळवलात तरी तो त्याखाली गाडला जातो.

काका : म्हणून तर पॉवर कंट्रोल होता! टॉवर प्रत्येक हँडसेटला सेकंदाला ८०० वेळा सांगायचा, एक डेसिबल वाढव, एक डेसिबल उतरव. थ्रीजीत हेच १,५०० वेळा होऊ लागलं. जवळचा हळू बोलायचा, लांबचा जोरात, आणि टॉवरपाशी सगळे एका पातळीवर. वरून फायदा असा की बॅटरीही वाचायची.

पुतणी : पण उणीव कुणात होती ते बघा ना. दोन सिग्नलांतला फरक मॅच्ड फिल्टरला पेलत नव्हता, म्हणून कोट्यवधी हँडसेटना सेकंदाला ८०० वेळा जोर बदलायला लावला. सर्जियो व्हेर्डू यांनी १९८४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात जो प्रबंध लिहिला आणि १९८६ मध्ये जो शोधनिबंध छापला, त्याने नेमकी ही समजूत मोडली. तोवर असं धरलं जायचं की पुष्कळ लोकांच्या सिग्नलांची बेरीज निसर्गातल्या गोंगाटासारखीच दिसते, तेव्हा तिच्याशी गोंगाटासारखंच वागावं. व्हेर्डूंनी दाखवलं, की तसं नाही. गोंगाटाला कोड नसतो, शेजाऱ्याच्या सिग्नलला असतो, आणि टॉवरला तो माहीत असतो. मग एकेकाचा बिट वेगळा न ओळखता सगळ्यांचे बिट मिळून ओळखायचे. कुठला संच धरला तर आलेली लहर सगळ्यांत चांगली समजावता येते, ते शोधायचं.

काका : आणि असे संच किती असतात?

पुतणी : माणसं तीस असतील तर दोनाचा तिसावा घात.

काका : १०७ कोटी. प्रत्येक बिटाच्या वेळेला १०७ कोटी शक्यता तपासायच्या! कोड कसेही असले तरी झटपट उत्तर देईल अशी रीत मिळण्याची आशा धरू नये, हेही व्हेर्डूंनीच १९८९ मध्ये दाखवलं. त्या काळच्या टॉवरमधल्या प्रोसेसरला हे झेपणारं नव्हतंच.

पुतणी : म्हणून थोडी अचूकता सोडून स्वस्त रस्ते निघाले. डीकोरिलेटर घ्या. दोन कोडांमध्ये किती सारखेपणा आहे ते टॉवरला आधीच माहीत असतं. त्या सारखेपणाचा तक्ता मांडायचा, तो गणिताने उलटा करायचा आणि फिल्टरांच्या उत्तरांना लावायचा. शेजाऱ्याची भेसळ पूर्ण निघून जाते. लुपास आणि व्हेर्डूंनी सिद्ध केलं, की शेजारी कितीही जोरात बोलू दे, उत्तर बिघडत नाही. पॉवर कंट्रोलची गरज इथे मुळातच संपते.

काका : भेसळ निघते, पण खरा गोंगाट फुगतो. दोन कोडांचा सारखेपणा ०.५ असेल तर गोंगाट एक तृतीयांशाने वाढतो, ते सोसेन. ०.९ असेल तर पाचपटीच्या वर जातो. दूरच्या हँडसेटचा सिग्नल आधीच गोंगाटाच्या काठावर असतो. त्याला शेजाऱ्यापासून सोडवलंस आणि गोंगाटात बुडवलंस.

पुतणी : त्यावर एमएमएसई नावाचा रिसीव्हर आहे. भेसळ किती काढायची आणि गोंगाट किती वाढू द्यायचा याचा तोल तो प्रत्येकाच्या जोरानुसार साधतो. शेजारी जोरात असेल तर डीकोरिलेटरसारखा वागतो, गोंगाटच मोठा असेल तर तुमच्या मॅच्ड फिल्टरसारखा. पण मला सगळ्यांत जवळची वाटते ती एकेकाला वजा करत जाण्याची रीत. भजनात पखवाज जोरात वाजत असला, तरी ज्याला तो बोल पाठ आहे त्याला मागची एकतारी ऐकू येते. रिसीव्हरही तसंच करतो. जो सर्वांत जोरात आहे त्याला आधी ओळखायचं, त्याची लहर पुन्हा रचायची, बेरजेतून वजा करायची आणि उरलेल्यात पुढचा शोधायचा. आणि इथे तुमचा सगळा हिशोब उलटा होतो, काका. सगळे एका पातळीवर असतील तर पहिला कोण धरायचा हाच प्रश्न पडतो. जोरात फरक असेल तर काम सोपं होतं. जवळ-दूरचा जो फरक मिटवायला तुम्ही सेकंदाला ८०० हुकूम सोडत होतात, तोच इथे उपयोगी पडतो.

काका : पहिल्याला ओळखताना चूक झाली तर? बिट उलटा धरलास, तर वजा करण्याऐवजी तू त्याला दुप्पट करून ठेवतेस. ताकदीत चौपट. त्याच्या मागचे सगळे गेले. शिवाय वजा करायला त्याची लहर नेमकी किती जोराने आणि किती उशिराने आली ते माहीत असावं लागतं, आणि माणूस गाडीत असेल तर हे क्षणाक्षणाला बदलतं. पण माझा खरा आक्षेप याहून साधा आहे. तू माझ्या सेलमधले सगळे पुसलेस असं मानू. एकही चूक न करता. शेजारच्या सेलमधल्यांचं काय? त्यांचे कोड माझ्या टॉवरला माहीत नसतात. त्यांचा गोंगाट आतल्यांच्या निम्म्याहून थोडा जास्त असायचा, हिशोबाला आम्ही ०.५५ धरायचो. म्हणजे परिपूर्ण रिसीव्हर बसवला तरी क्षमता १.५५ भागिले ०.५५, फार तर २.८ पट. त्यापुढे एक पाऊल नाही. आणि हा आकडा चूक शून्य धरून.

नव्वदच्या दशकात या वादाचा निकाल बऱ्याच अंशी याच भागाकाराने लावला. एवढ्या गुंतागुंतीच्या बदल्यात तीनपटीहूनही कमी लाभ, आणि तोही कागदावर. नेटवर्क चालवणाऱ्यांनी शिस्तीचा रस्ता धरला. फोरजीने तर सेलच्या आतली टक्करच संपवली, कारण प्रत्येक फोनला वेळेचा आणि फ्रिक्वेन्सीचा स्वतंत्र तुकडा मिळू लागला. तरी पुतणीच्या बाजूचं गणित मेलं नाही. १९९८ मध्ये बेल लॅब्सच्या व्ही-ब्लास्टने एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेक अँटेनांतून एकदम पाठवलेले सिग्नल वेगळे काढले, ते एकेकाला वजा करत जाण्याच्या रीतीनेच. आज अनेक अँटेनांचा टॉवर एकाच तुकड्यात चार-सहा फोन ऐकतो, तेव्हा आत एमएमएसईच चाललेला असतो. पण फोनपुरता काकांचा पक्ष जिंकला होता, आणि रास्तपणे जिंकला होता असं मी मानते. आता मात्र बोलणारे बदलले आहेत.

पुतणी : फोन विसरा. पाण्याचे मीटर, गॅसचे मीटर, शेतातले ओलावा मोजणारे सेन्सर घ्या. फाइव्हजीसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने अट घातली, की एका चौरस किलोमीटरमध्ये १० लाख उपकरणं सांभाळता आली पाहिजेत. चाचणीच्या एका हिशोबात प्रत्येकाने दोन तासांतून एकदा ३२ बाइटचा निरोप पाठवायचा असं धरलंय. भागून बघा. १० लाख भागिले ७,२०० सेकंद, म्हणजे सेकंदाला १३९ निरोप. सगळे मिळून सेकंदाला साधारण ३६ हजार बिट.

काका : एवढंच? हे तर आजच्या एका फोनला पुरेल इतकंही नाही.

पुतणी : तेच म्हणतेय. माहिती जवळजवळ नाहीच. अडचण एकच, या क्षणी १० लाखांतले कोण बोलणार हे कुणालाच माहीत नाही. तुमची शिस्त कशी चालते? उपकरण जागं होतं. ६४ हाकांमधली एक हाक यदृच्छेने निवडतं आणि देतं. टॉवर उत्तर देतो. उपकरण ओळख सांगतं. टॉवर ती मान्य करतो. त्यानंतर जागा मिळते आणि मग ते ३२ बाइट निघतात. एकाच क्षणी दहा उपकरणं जागी झाली, तर निदान दोघांनी तीच हाक निवडण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे, मग पुन्हा पहिल्यापासून. आणि या मीटरांना बॅटरी कसली असते? ५ वॅट-तासांच्या बॅटरीवर दहा वर्षं चालावं, हे एनबी-आयओटी या अशाच उपकरणांसाठीच्या मोबाइल मानकाचं उद्दिष्ट आहे. सरासरी काढली तर ५७ मायक्रोवॅट पडतात. सेकंदाला ८०० हुकूम ऐकायचे तर त्यासाठी जागं राहावं लागतं, काका. दोन तासांतून एकदा काही मिलिसेकंद जागा होणारा मीटर कुठल्या लयीत जोर कमी-जास्त करणार? फोनचा कॉल दोन-तीन मिनिटांचा असतो, तिथे सुरुवातीची विचारपूस परवडते. इथे विचारपूस निरोपापेक्षा लांब आहे.

काका : तुझा निष्कर्ष पक्का होण्याआधी एक लक्षात घे. १० लाखांची ती अट एनबी-आयओटीनेच पूर्ण करून दाखवली. जुन्या शिस्तीने. आणि फाइव्हजी मानकाच्या ‘रिलीझ १६’च्या वेळी तुमच्या पक्षाने न विचारता, एकमेकांवर बोलण्याच्या डझनाहून जास्त योजना मांडल्या होत्या. त्यांचा रीतसर अभ्यास झाला, २०१८ च्या शेवटी तो संपला, आणि एकही योजना मानकात गेली नाही. चांगल्या अँटेना आणि साधा एमएमएसई असताना जास्तीचा लाभ इतका थोडा निघाला, की कुठली योजना घ्यायची यावर एकमत झालं नाही.

पुतणी : ते खरं आहे. पण त्या बहुतेक योजनांमध्ये प्रत्येकाचा जोर किंवा कोड कसा वेगळा ठेवावा यावरच भर होता. मला मूळ प्रश्न दुसरा वाटतो, बोलतंय कोण हे ओळखण्याचा. समजा, १०,००० मीटर आहेत आणि या क्षणी त्यांतले १०० बोलतायत. प्रत्येकाला एकमेकांत अजिबात न मिसळणारा ओळखीचा कोड द्यायचा तर तो १०,००० चिप लांब हवा. पण १०,००० मधले कुठले १०० एवढंच सांगायला लागतात साधारण ८०० बिट. बोलणाऱ्या मीटरमागे आठ. मग दहा हजारांची लांबी कशासाठी? बहुतेक जागा रिकाम्या आहेत हे आधीच माहीत असेल, तर थोड्या मोजमापांतूनही नेमक्या भरलेल्या जागा सापडतात, हे २००६ च्या सुमारास डोनोहो, कँडेस आणि टाओ यांच्या कामातून सिद्ध झालं. कोड काही शे चिपांचे, एकमेकांत थोडे मिसळणारे. आणि टॉवर पायरीपायरीने अंदाज सुधारत नेतो, कुठले शंभर धरले तर ही बेरीज जमते. त्यासाठी २००९ मध्ये जी जलद रीत निघाली, तिला लांबलचक तक्ते उलटे करावे लागत नाहीत. टॉवरला अँटेना पुष्कळ असतील तर चुका आणखी घटतात. लियांग लिऊ आणि वेई यू यांनी २०१८ मध्ये दाखवलं, की अँटेना वाढवत गेलं की बोललेलं उपकरण सुटणं आणि न बोललेलं सापडणं, दोन्ही शून्याकडे जातात.

काका : कागदावरच्या अँटेना.

पुतणी : मग चालू असलेलं उदाहरण देते. हवाईत नॉर्मन अब्राम्सन यांनी १९७१ मध्ये अलोहा नेटवर्क चालू केलं. कुणी कुणाला विचारायचं नाही, टक्कर झाली तर पुन्हा पाठवायचं. वाहिनीचा फार तर १८ टक्के उपयोग व्हायचा. वेळेचे ठराविक कप्पे पाडल्यावर ३७. पुढे ३५ वर्षं सगळे म्हणत राहिले, न विचारण्याची एवढीच लायकी. २००७ मध्ये युरोपातल्या उपग्रह अभियंत्यांनी एक बदल केला. प्रत्येकाने आपला निरोप दोन कप्प्यांत पाठवायचा आणि जोडीचा निरोप कुठल्या कप्प्यात आहे तेही आत लिहायचं. एका कप्प्यात टक्कर न होता निरोप मिळाला, की त्याची जुळी प्रत दुसऱ्या कप्प्यातून वजा करायची. तिथे गाडलेला शेजारी मोकळा होतो, मग त्याची जुळी प्रत वजा करायची. उपयोग ५५ टक्क्यांवर गेला. उपकरणाला नवं शिकावं लागलं ते एवढंच, बाकी सगळं शिकला तो ऐकणारा. ही रीत उपग्रहांच्या डीव्हीबी-आरसीएस२ मानकात आहे. प्रतींची संख्या कमी-जास्त ठेवली तर सिद्धांतात ९७ टक्क्यांपर्यंत जाता येतं, हे लिव्हा यांनी २०११ मध्ये दाखवलं.

काका : दोनदा पाठवायचं म्हणजे बॅटरीही दोनदा. पण चारदा विचारपूस करण्यापेक्षा कमी, हे मान्य करतो. आता माझं ऐक. तुझ्या सगळ्या इमारतीचा पाया एकच, की १०,००० मधले १०० बोलतात. आपल्याकडे लाइट जाते. डीपीवरची नव्हे, अख्ख्या उपकेंद्राची. विजेचे स्मार्ट मीटर लाइट जाताना शेवटचा निरोप पाठवतात आणि लाइट आल्यावर पहिला. एका क्षणात सगळे. तेव्हा तुझ्या रिकाम्या जागा कुठे गेल्या? आमच्याकडे त्याचाही हिशोब होता. दहा सेकंदांत ३०,००० उपकरणं जागी झाली तर काय, हे मानक ठरवणाऱ्यांनी तपासलं. दर पाच मिलिसेकंदांनी हाक द्यायची संधी धरली, तर एका संधीला सरासरी १५ आणि ऐन गर्दीत ३० हून जास्त. उत्तर शिस्तीचंच निघालं. काहींना थांबवा, बाकीच्यांना येऊ द्या.

हा मुद्दा मला या सबंध वादातला सगळ्यांत वजनदार वाटतो. थोडेच बोलतील हा अंदाज रोजच्या दिवसाला लागू पडतो. पण नेटवर्कची गरज सर्वांत जास्त असते ती नेमकी ज्या दिवशी तो अंदाज कोसळतो त्या दिवशी. प्रयोगशाळेतल्या पुष्कळ निबंधांत बोलणारे एकमेकांपासून स्वतंत्र धरलेले असतात. महाराष्ट्रातल्या फीडरवर ते तसे नसतात.

पुतणी : गर्दीच्या क्षणी काहींना थांबवायला हवं, यावर माझा वाद नाही. पण त्या निरोपातून काय हवंय ते विचारू. लाइट गेली तर कुठला फीडर गेला एवढं कळायला हवं. ३०,००० नावं नकोत. एका डीपीवरच्या सगळ्या मीटरांना एकच कोड दिला, तर ते एकदम बोलले तरी हवेत त्यांची बेरीजच होते, आणि टॉवरला त्या डीपीचा आवाज मोठा येतो. पोल्यान्स्की यांनी २०१७ मध्ये हीच दिशा मांडली. सगळ्यांचं कोडपुस्तक एक. टॉवरने फक्त काय काय बोललं गेलं याची यादी द्यायची, कुणी बोललं ते नाही. नाव हवंच असेल तर ते निरोपातच लिहावं.

काका : बेरीज होते म्हणतेस, पण लहरी एकमेकींना खोडतातही. प्रत्येकीची कला, म्हणजे फेज, वेगळी असते. शिवाय स्वस्त मीटरमधलं क्रिस्टल. दहा लाखांत २० भाग चुकलं, तर ८६५ मेगाहर्ट्झवर १७ किलोहर्ट्झचा फरक पडतो. कोड नीट जुळतच नाही.

पुतणी : म्हणून लहर न मोजता तिची ताकद मोजायची. अनेक अँटेनांवर सरासरी घेतली की खोडाखोड मिटते. क्रिस्टलचं मात्र बरोबर आहे. त्यासाठी उपकरणाला आधी टॉवरचं थोडं ऐकून फ्रिक्वेन्सी दुरुस्त करावी लागते, आणि ऐकणं म्हणजे जागं राहणं. तेवढा भार बोलणाऱ्यावर राहतो.

काका : अजून एक. तुझ्या रिसीव्हरला प्रत्येक उपकरणाबद्दल ठरवावं लागतं, हे बोललं की नाही बोललं. उंबरठा खाली ठेवलास तर न बोललेली बोलल्यासारखी दिसतील. वर ठेवलास तर बोललेली सुटतील. पाण्याचं रीडिंग सुटलं तर दोन तासांनी पुढचं येईल. गॅसगळतीचा इशारा सुटला तर?

पुतणी : दोघांना एक उंबरठा लावणार नाही. इशाऱ्याच्या कोडांचा उंबरठा खूप खाली. खोटा इशारा वाटला तर टॉवर त्या मीटरला उलट विचारील, त्याची किंमत एक प्रश्न. रीडिंगचा उंबरठा वर. आणि इशाऱ्यांसाठी थोडे कप्पे राखून ठेवीन, त्यांत दुसऱ्या कुणी बोलायचं नाही.

काका : राखीव जागा आली शेवटी.

पुतणी : शंभरातले दोन कप्पे, काका. अठ्ठ्याण्णव मोकळे.

काका : दोन पुरतील का ते टॉवरच्या टप्प्यातली गॅस कनेक्शनं मोजून ठरव. आणि त्या दोनांतही दोन मीटर एकदम बोलले तर?

पुतणी : तिथे मोजकेच कोड असतील, कुठले ते आधीच ठरलेले, आणि त्यांचा आपसातला सारखेपणा मी कमी ठेवलेला. गोंगाट फुगायचा तो अगदी थोडा. तिथे डीकोरिलेटर लावीन.